पेढीच्या सामायिक दप्तरातील अधिकारव्यवस्था

सियागंजातील किराणा असो, सराफ्यातील सोने-चांदी असो, की महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटातील कापड असो. आमच्या बंधूंच्या पेढ्यांवर लाल वही आता गादीपेक्षा पूजेच्या पाटावरच अधिक दिसते. हिशेब संगणकात गेला, संगणक परस्परांस जोडले गेले, आणि त्यांतील एकावरचे सामायिक फोल्डर हेच पेढीचे दप्तर झाले. पूर्वी रोकडवही मुनिमाच्या गादीपाशी व तिजोरीची किल्ली शेटजींच्या कमरेस असे. कोणास काय पाहता येईल हे निराळे सांगावे लागत नसे. आज त्याच दप्तरास पुष्कळ ठिकाणी एकच नाव व एकच पासवर्ड असून तो गोदामावरच्या पोरासही पाठ असतो. त्या दप्तरात खरेदीचे भाव असतात, भागीदारांचे भांडवल असते, आणि नात्यातील एखाद्या विधवा भगिनीने विश्वासाने ठेवलेली ठेवही असते.

ह्या विषयाचे मूळ आपल्या शास्त्रात शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याचे गुह्य उघड करणे, आणि कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हे दोन वेगळे गणले आहेत. संगणकही नेमका हाच भेद करतो. वाचण्याचा अधिकार निराळा व लिहिण्याचा निराळा. ज्यास केवळ वाचावयाचे आहे त्यास लिहिण्याचा अधिकार देण्याचे कारणच काय? सॉल्टझर व श्रोडर ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली हेच तत्त्व मांडले, की प्रत्येकास त्याच्या कामापुरताच, किमान अधिकार असावा.

आता व्यवस्थेकडे वळू. युनिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलीस तीन प्रकारचे लोक ठाऊक असतात: मालक, त्याचा गट आणि इतर. विंडोजमध्ये यादी याहून लांब करता येते, परंतु कल्पना तीच. येथे आमचा आग्रहाचा सल्ला असा, की अधिकार माणसास देऊ नयेत, गटास द्यावेत. समजा, 'भागीदार', 'हिशेब', 'विक्री' व 'गोदाम' असे चार गट केले. हिशेबाच्या फोल्डरात 'हिशेब' गटास लिहिता येईल, 'भागीदार' गटास वाचता येईल, इतरांस ते उघडताच येणार नाही. उद्या पुतण्या विक्रीवरून हिशेबावर आला, तर त्याचे नाव एका गटातून काढून दुसऱ्यात घालावे. एकाही फोल्डरास हात लावावा लागत नाही. हेच अधिकार माणसागणिक दिलेले असतील, तर नोकरी सोडून गेलेल्या गुमास्त्याचे नाव कोठेतरी कोपऱ्यात वर्षानुवर्षे राहून जाते.

दोन गुंते मात्र ध्यानी ठेवावेत. एक माणूस दोन गटांत असल्यास त्यास दोहोंच्या अधिकारांची बेरीज मिळते. तथापि एकाच फोल्डरावर एका गटास स्पष्ट मनाई केली असेल, तर तेथे मनाईच वरचढ ठरते. म्हणून मनाईचा उपयोग जपून करावा. न देणे पुरेसे असते. दुसरे असे, की जाळ्यावरून येणाऱ्यास फोल्डराची वाटणी करतानाचे अधिकार व फाइलींचे स्वतःचे अधिकार हे दोन्ही लागू होतात, आणि त्यांतील जो अधिक कडक तोच चालतो. 'सर्व काही दिले तरी उघडत नाही' अशी जी तक्रार कानी येते, तिचे कारण बहुधा येथे सापडते.

पासवर्ड परस्परांस देण्याचे फळ किती कडू असते, हे मुंबईस २०१८ साली दिसले. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्ट ह्या संदेशयंत्रणेद्वारा हमीपत्रे गेली. ती यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकीय वह्यांशी जोडलेली नसल्याने तेथे त्यांची नोंदच झाली नव्हती. लिहिणारा एक व तपासणारा दुसरा हा नियम कागदावर होता. परंतु पासवर्ड दुसऱ्यांच्या हाती गेल्याचा आरोप झाला. आकडा १३ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. आपल्या पेढीस एवढे कोटी लागत नाहीत. बुडावयास त्याचा लाखावा अंशही पुष्कळ होतो.

ज्या बंधूंनी पेढीची कंपनी केली आहे त्यांस १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरात प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. सारेच एका नावाने आत शिरत असतील, तर ती नोंद कोणाकडे बोट दाखविणार?

वडीलधाऱ्यांस पुतण्यापासून भाव लपविणे अविश्वासाचे वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु बेरीज चुकली तर संशय सर्वांवर येतो, आणि मर्यादित अधिकार असलेला तरुणच त्यातून आधी सुटतो. सर्वाधिकाराचे खाते मात्र दोघांकडे असावे. एकट्याकडे असून तो आजारी पडला, तर दुकान उघडूनही दप्तर बंदच राहील. त्या खात्यावर रोजचे काम करू नये.

वीर निर्वाण संवताच्या आरंभी नव्या वहीचे पूजन होते, तेव्हाच गटांच्या याद्या काढून प्रत्येक नाव तपासून घ्यावे. नाव काढल्यावर त्या माणसाचा संगणक लॉग-ऑफ झाल्याची खात्रीही करावी; कारण गटातील बदल पुढील प्रवेशापासूनच लागू होतो, आणि सकाळपासून चालू असलेल्या यंत्रावर जुना अधिकार संध्याकाळपर्यंत तसाच राहू शकतो.