पिकअपची अश्वशक्ती खरोखर वाढली का? आधी मोजा, मग खर्च करा

भाजीपाला, फळे, दूध किंवा खते-बियाणे यांच्या वाहतुकीसाठी आज अनेक शेतकऱ्यांच्या दारात स्वतःचे पिकअप वाहन उभे असते. माल भरून घाट चढताना गाडी दमली, की तिची ताकद वाढवण्याचा विचार मनात येतो. बाजारात त्यासाठी तऱ्हेतऱ्हेचे जोडसामान मिळते. मोकळ्या तोंडाचा एअर फिल्टर, मोठ्या व्यासाचा सायलेन्सर, इंजिनच्या वायरिंगला जोडायची चिप, डिझेलच्या नळीवर बसवायचे लोहचुंबक, टाकीत टाकायची औषधे असे अनेक प्रकार आहेत. "दहा अश्वशक्ती वाढेल आणि डिझेलही वाचेल" असे सांगितले जाते. या सामानावर हजारो रुपये खर्च होतात. पण शक्ती खरोखर वाढली की नुसता आवाज वाढला, हे मोजल्याशिवाय कळत नाही. हे मोजमाप आपल्याला कसे करता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

अश्वशक्ती म्हणजे काय?

75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्यासाठी जी शक्ती लागते, तिला एक अश्वशक्ती म्हणतात. ही सुमारे 735 वॉट इतकी भरते. 150 लिटर पाण्याची मोट 10 मीटर खोल विहिरीतून 20 सेकंदांत वर आली, तर ते काम एक अश्वशक्तीचे झाले. तीच मोट 40 सेकंदांत आली, तर काम तेवढेच झाले, पण शक्ती निम्मी लागली. म्हणजे शक्ती मोजायची तर वजन, अंतर आणि वेळ या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात.

इंजिनच्या बाबतीत फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, आणि दर मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकारावरून शक्ती काढतात. किलोग्रॅम-मीटरमधील टॉर्कला फेऱ्यांनी गुणून 716 ने भागले, की अश्वशक्ती मिळते. उदाहरणार्थ, 20 किलोग्रॅम-मीटर टॉर्क 2,500 फेऱ्यांवर मिळत असेल, तर शक्ती सुमारे 70 अश्वशक्ती होते. म्हणून अश्वशक्तीचा आकडा कोणत्या फेऱ्यांवरचा आहे, हे नेहमी विचारावे. घाटात गाडी 1,800 ते 2,200 फेऱ्यांवर चालत असेल, तर 3,500 फेऱ्यांवर वाढलेल्या शक्तीचा तेथे काही उपयोग नाही.

शक्ती कोठे मोजतात?

अश्वशक्ती मोजणाऱ्या यंत्रास डायनॅमोमीटर म्हणतात. हे यंत्र फिरत्या शाफ्टला ब्रेक लावून त्याचा जोर आणि फेरे मोजते. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत वाहनांच्या, तर मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टर व शेती यंत्रांच्या चाचण्या होतात.

विक्रेत्याच्या शब्दावर न थांबता मोजमापाचा आग्रह धरण्यात शेतकरीच पुढे होते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर हे शेतकरी विधिमंडळाचे सदस्यही होते. त्यांनी घेतलेले ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणे काम देईनात. त्यांच्या पुढाकाराने 1919 साली तेथे कायदा झाला आणि राज्यात विकायच्या ट्रॅक्टरची चाचणी राज्य विद्यापीठाकडून करून घेणे सक्तीचे झाले. चाचण्या 1920 मध्ये सुरू झाल्या. आपणही जोडसामानाच्या बाबतीत हीच सवय लावून घ्यावी.

मोठ्या शहरांतील काही गॅरेजमध्ये गाडीची चाके रोलरवर चढवून शक्ती मोजण्याची सोय असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडा इंजिनचा असतो, तर रोलरवरचा आकडा चाकांपाशी पोहोचलेल्या शक्तीचा असतो. गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि टायर यांमध्ये साधारण 10 ते 20 टक्के शक्ती खर्च होते. म्हणून या दोन आकड्यांची तुलना करू नये. तसेच एका गॅरेजमधील "आधीचा" आकडा आणि दुसऱ्या गॅरेजमधील "नंतरचा" आकडा शेजारी ठेवू नये. दोन्ही मोजमापे एकाच यंत्रावर व एकाच दिवशी करून घ्यावीत.

जादा शक्ती येते कोठून?

शक्ती डिझेलमधून येते. एक लिटर डिझेल जळले, की चांगले इंजिन त्यातून सुमारे साडेचार ते पाच अश्वशक्ती एक तासभर देऊ शकते. म्हणजे पूर्ण भारावर दहा अश्वशक्ती जादा हवी असेल, तर तासाला सुमारे दोन लिटर डिझेल जादा जाळावे लागेल. "ताकद खूप वाढेल आणि डिझेलही खूप वाचेल" हा दावा याच हिशेबावर घासून पाहावा.

डिझेल जळण्यास हवा लागते. एक किलो डिझेलला किमान साडेचौदा किलो आणि व्यवहारात वीस किलोच्या आसपास हवा लागते. हवा न वाढवता डिझेल वाढवले, तर धुराड्यातून काळा धूर येतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले, पैसे देऊन घेतलेले डिझेल होय. त्याबरोबर इंजिनची उष्णताही वाढते आणि पिस्टन, हेड गॅस्केट व टर्बो यांचे आयुष्य घटते.

जोडसामानाचा खरा उपयोग किती?

1) मोकळा एअर फिल्टर : मूळ फिल्टर स्वच्छ असेल, तर डिझेलचे प्रमाण तेच राहिल्याने शक्तीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. उलट कच्च्या रस्त्यावरील बारीक धूळ आत गेल्यास लायनर व रिंगा लवकर झिजतात.

2) मोठा सायलेन्सर : मूळ नळी चेपलेली किंवा काजळीने भरलेली असेल, तर ती बदलल्याने फायदा होतो. एरवी मुख्यतः आवाजच वाढतो.

3) चिप : टर्बो डिझेल इंजिनात जादा डिझेल सोडून चिप शक्ती खरोखर वाढवू शकते. परंतु तिचा ताण क्लच, टर्बो व गिअरबॉक्सवर पडतो आणि कंपनीची वॉरंटी धोक्यात येते.

4) डिझेल पंपाचा स्क्रू पिळणे : जुन्या गाड्यांत हा प्रकार सर्रास चालतो. याने धूर आणि उष्णता दोन्ही वाढतात. पंपाची जुळणी चाचणी-बेंच असलेल्या केंद्रातच करून घ्यावी.

5) लोहचुंबक व टाकीतील औषधे : अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणाऱ्या शंभराहून अधिक साधनांची तपासणी केली. त्यांतील बहुतेकांचा काहीही फायदा दिसून आला नाही.

आधी गाडी ठाकठीक करा

जोडसामान बसवताना मिस्त्री बहुधा फिल्टर बदलतो, नोझल साफ करतो आणि टायरची हवाही पाहतो. त्यानंतर गाडी हलकी धावू लागली, की श्रेय जोडसामानाला मिळते. वास्तविक ती गमावलेली शक्ती परत आलेली असते. म्हणून चाचणीपूर्वी पुढील कामे करून घ्यावीत.

- एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलावा.
- इंजेक्टर तपासून घ्यावेत आणि टर्बोचे होज पाइप फाटले नाहीत ना, हे पाहावे.
- टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरावी.
- ब्रेक चिकटत नाहीत ना, हे चाक उचलून हाताने फिरवून पाहावे.
- क्लच घसरत असल्यास दुरुस्त करावा.

पुष्कळदा एवढ्यावरच गाडीची तक्रार मिटते आणि पुढचा खर्च वाचतो.

रस्त्यावरची सोपी चाचणी

रोलरची सोय नसली, तरी पुढील पद्धतीने तुलना करता येते.

1) गाडीत नेहमीच्या मालाइतके, परंतु आर. सी. बुकातील मर्यादेत बसेल एवढे वजन भरावे. वजनकाट्यावर गाडीचे एकूण वजन करून घ्यावे.

2) सपाट, सरळ व रहदारी नसलेला रस्ता निवडावा. गाडीत दोघे असावेत. एकाने फक्त गाडी चालवावी, दुसऱ्याने वेळ नोंदवावी.

3) ताशी 60 कि.मी. वेगालाही इंजिनचे फेरे मर्यादेत राहतील असा गिअर ठरवावा व शेवटपर्यंत तोच वापरावा. वेग मोबाइलमधील जी.पी.एस.वर पाहावा.

4) इंजिन गरम झाल्यावर ताशी 25 कि.मी. वेगापासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. वेग 30 वरून 60 होण्यास लागलेले सेकंद मोजावेत.

5) जाताना तीन व येताना तीन अशा सहा नोंदी घेऊन सरासरी काढावी. याने चढ-उतार व वारा यांचा परिणाम बराचसा कमी होतो.

6) जोडसामान बसवून त्याच दिवशी, त्याच वजनावर पुन्हा सहा नोंदी घ्याव्यात.

7) सामान काढून तिसऱ्यांदा सहा नोंदी घ्याव्यात. ही शेवटची फेरी टाळू नये. पहिल्या व तिसऱ्या फेरीचे आकडे जुळले, तरच मधल्या फेरीवर भरवसा ठेवता येतो.

सकाळी 25 अंश तापमान असेल आणि दुपारी 40 अंश झाले, तर हवा सुमारे पाच टक्के विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही त्याच मानाने घटते. म्हणून तिन्ही फेऱ्या शक्यतो एकाच प्रहरात संपवाव्यात.

आकडे कसे वाचावेत?

गाडीच्या किलोमधील वजनाला 2,700 ने गुणावे, 19,000 ने भागावे आणि आलेल्या आकड्यास सेकंदांनी भागावे. (2,700 हा आकडा 60 व 30 यांच्या वर्गांची वजाबाकी आहे.) वजन 2,800 किलो असेल, तर 398 हा आकडा मिळतो. त्यावरून पुढीलप्रमाणे शक्ती निघते.

12.5 सेकंद – 31.8 अश्वशक्ती
12.0 सेकंद – 33.2 अश्वशक्ती
11.5 सेकंद – 34.6 अश्वशक्ती
11.0 सेकंद – 36.2 अश्वशक्ती

वारा व टायर यांचा विरोध वजा जाऊन गाडीचा वेग वाढवण्यास उरलेली ही सरासरी शक्ती आहे. त्यामुळे ती माहितीपत्रकापेक्षा बरीच कमी दिसेल. आपला उद्देश तुलना एवढाच आहे.

यात अर्ध्या सेकंदाच्या फरकाने सुमारे दीड अश्वशक्तीचा फरक पडतो, हे लक्षात घ्यावे. बटण दाबण्यात तेवढी चूक सहज होते. आपल्या सहा नोंदींमध्येच एक सेकंदाची तफावत असेल आणि जोडसामानाने सरासरी 0.4 सेकंद वाचलेले दिसले, तर फायदा सिद्ध झाला असे समजू नये.

डिझेलचा हिशेब

टाकी तोंडापर्यंत भरून, त्याच मार्गावर व तेवढ्याच मालासह किमान 300 कि.मी. गाडी चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी भरावी. असे सामानाशिवाय व सामानासह दोन-दोनदा करावे.

समजा, गाडी वर्षाला 20,000 कि.मी. चालते आणि लिटरला 14 कि.मी. देते. वर्षाला सुमारे 1,430 लिटर डिझेल लागेल. सरासरी पाच टक्क्यांनी सुधारून 14.7 झाली, तर सुमारे 68 लिटर वाचतील. लिटरचा दर 90 रुपये धरल्यास ही बचत 6,100 रुपयांच्या आसपास होते. म्हणजे 20,000 रुपयांचे सामान, ते खरोखर पाच टक्के फायदा देत असले तरी, वसूल व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल.

कायदा आणि सुरक्षितता

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. म्हणून चाचणीसाठीदेखील कोणतेही सामान बसवण्यापूर्वी ते कायद्यात बसते का, हे परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

इंजिनची ताकद वाढली म्हणून गाडीची मालवाहू क्षमता वाढत नाही. ब्रेक, पाटे, एक्सल व टायर पूर्वीचेच राहतात. घाट चढताना इंजिनचा कस लागतो, पण उतरताना जीव ब्रेकवर असतो.

थोडक्यात

आधी फिल्टर, इंजेक्टर, टायर व ब्रेक दुरुस्त करावेत. मग सामानाशिवाय, सामानासह आणि पुन्हा सामानाशिवाय अशा तीन फेऱ्या घ्याव्यात. वजन, गिअर, रस्ता व प्रहर बदलू नये. विक्रेता चाचणीसाठी सामान देण्यास किंवा फरक न पडल्यास ते परत घेण्यास तयार नसेल, तर खरेदी करू नये. सर्व आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. पुढे कधी गाडीची ताकद कमी वाटली, तर नेमकी किती कमी झाली हे त्या वहीवरून समजेल आणि मिस्त्रीकडे जाताना अंदाजाऐवजी आकडा हाती असेल.