त्याचं गुरगुरणं मीच बंद पाडलं होतं

माझ्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे. भाऊबीजेच्या दुपारी काढलेला. जिन्याखाली गोणपाटावर ब्रुनो, आमचा तीन वर्षांचा रॉटवायलर, आणि त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून बसलेली माझी सहा वर्षांची भाची. ती हसते आहे. फोटो काढताना मीही हसत होतो. पुढच्या दोन-तीन सेकंदांत ब्रुनोनं तिच्या गालात दात रोवले.

एकच चावा. लगेच सोडून तो मागे सरकला आणि भिंतीला चिकटला. पण पन्नास किलोच्या कुत्र्याचा एक चावा म्हणजे काय, हे डोळ्याखालपासून कानापर्यंत उघडलेला गाल पाहिल्यावर कळलं. आई हळदीचा डबा घेऊन धावली. दाजींनी आईचा हात धरून तिला थांबवलं, पोरीला उचललं आणि मोरीतल्या नळाखाली नेलं. साबण लावून, घड्याळाकडे बघत, पूर्ण पंधरा मिनिटं त्यांनी जखम धुतली. पोर किंचाळत होती. ताई तिचे पाय धरून बसली होती. ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

डॉक्टर म्हणाले, या पंधरा मिनिटांनी अर्धं काम केलं. हळद, चुना, तिखट यातलं काहीही जखमेत भरायचं नसतं. त्यांनी आधी रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन जखमेत आणि जखमेभोवती टोचलं, मग चेहरा असल्यामुळे मोजके सैल टाके घातले. लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. "कुत्र्याची लस झालीय ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. ब्रुनोची वार्षिक लस चार महिने थकली होती. दहा दिवस त्याला बांधून नजरेखाली ठेवायला सांगितलं. ते दहा दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

ब्रुनोला बघायला आलेल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना मी तो फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा केला आणि बोट ठेवत गेले. "तोंड घट्ट मिटलंय. कान मागे. मान तिच्यापासून वळवलीय, पण नजर तिच्यावरच आहे. म्हणून डोळ्याची पांढरी कड दिसतेय. सगळं अंग ताठ. तुमचं कुत्रं सांगत होतं, हिला बाजूला घ्या." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हा गुरगुरला कसा नाही?"

उत्तर मला माहीत होतं. ब्रुनो वर्षाचा असताना खाताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायचा. मालकावर गुरगुरतो म्हणजे काय, असं म्हणत मी प्रत्येक वेळी वर्तमानपत्राची गुंडाळी त्याच्या तोंडावर हाणली. दोन महिन्यांत गुरगुरणं थांबलं. याला मी शिस्त म्हणत होतो आणि आल्यागेल्याला अभिमानानं सांगत होतो. प्रत्यक्षात मी त्याचा राग घालवला नव्हता, भीतीही घालवली नव्हती. फक्त चावण्याआधी इशारा द्यायची त्याची सवय मोडली होती. गुरगुरणारं कुत्रं मागे व्हायला सांगत असतं. तेव्हा मागे व्हायचं, मुलाला दूर घ्यायचं आणि कुत्रं कशावर बिथरलं ते जाणकाराला विचारायचं. मारायचं कधीच नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर भाचीचा गाल आज तसाच असता.

चुकीची सुरुवात त्याच्याही आधी झाली होती. पिल्लू घेतलं तेव्हा ते पाच आठवड्यांचं होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांनीच मनाई आहे, हे मला नंतर समजलं. आई नि भावंडांजवळच पिल्लू किती जोरानं चावायचं ते शिकतं. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत त्याला लहान मुलं, म्हातारी माणसं, सायकली, पाहुणे हे सगळं बेतानं, गोडीनं दाखवावं लागतं. ब्रुनोनं त्या काळात आमचं फाटक आणि साखळी पाहिली. दिवसभर बांधायचं आणि रात्री मोकळं सोडायचं, म्हणजे राखण चांगली करतो, असा आमच्याकडे समज. त्यात त्या दिवाळीत चार रात्री फटाके. तो झोपला नव्हता, थरथरत जिन्याखाली शिरला होता. आणि तिथंच आम्ही मुलीला पाठवलं, कारण "तो काही करत नाही."

रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा. गुरं हाकायला, खाटकांच्या गाड्या ओढायला घडवलेला. तो जन्मतः दुष्ट नसतो, पण त्याची ताकद जन्मतःच असते. गावठी कुत्र्याच्या चुकीला बहुधा टाके पडतात, अशा दांडग्या कुत्र्याच्या चुकीला जीवही जाऊ शकतो. २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या बाईंना घरच्याच पिटबुलनं मारलं. मे २०२४ मध्ये चेन्नईच्या एका बागेत मोकळ्या सोडलेल्या दोन रॉटवायलरांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्रानं २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं होतं, ते एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांत टिकलं नाही. आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे: प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदी असो वा नसो, दावं ज्याच्या हातात, त्याचीच जबाबदारी.

घरात लहान मूल असेल तर माझं ऐका, अशी जात आणूच नका. मूल मोठं होऊ द्या. कुत्रं आधीपासून असेल, तर त्याच्यासाठी बाहेरून कडी लागणारी एक खोली ठेवा आणि पाहुणे, सणवार, फटाके असले की त्याला तिथं पाणी देऊन निवांत ठेवा. मूल आणि कुत्रं एका खोलीत असतील तेव्हा मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. स्वयंपाकघरातून कान देणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. बाहेर नेताना दावं आखूड, तोंडाला मुसकं, आणि धरणारा त्याला आवरू शकेल इतका दणकट. शाळकरी पोरांच्या हाती दावं देऊ नका. मुलांनाही शिकवा: खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लांजवळच्या कुत्र्याकडे जायचं नाही, मिठी मारायची नाही, अंगावर आलंच तर पळायचं नाही, पडलात तर मान आणि कान हातांनी झाकून गोळा व्हायचं.

शेजारचे म्हणाले, घाटात सोडून ये. मी सोडलं नाही. तो गुन्हा आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पोरापुढे त्याला नेऊन सोडणं आहे. ब्रुनोची नसबंदी केली, लस वेळेवर होते, मुसकं घालायची सवय लावली. मागच्या अंगणाला दुहेरी फाटक घातलंय. आमच्या घरी आता लहान मुलं येत नाहीत.

भाऊबीजेला मीच ताईकडे जातो. भाचीचा व्रण केसांनी झाकला जातो, पण पहिल्या वर्षी मी दारात उभा राहिलो तर ती आत पळाली. "मामाच्या शर्टाला त्याचा वास येतो," असं तिनं ताईला सांगितलं. तेव्हापासून ताईकडे जायचे कपडे मी वेगळे धुतो, वेगळ्या कपाटात ठेवतो, आणि फाटकाबाहेर गाडीत बसल्यावर अंगात घालतो.