थप्पी काढणारीच्या सोयीने रचा

राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. गॅस येऊन बरीच वर्षं झाली, तरी आंघोळीचं पाणी आणि कार्यातला भात चुलीवरच होतो. त्यामुळे होळी झाली की सरपण हे सगळ्या घराचं काम होऊन बसतं. भाऊजी आणि आमचे हे काजूच्या वठलेल्या फांद्या, पडलेला ऐन, बांधावरचा आकेशिया तोडून अंगणात आणतात. मुलं काटक्या गोळा करतात. जाऊबाई आणि मी मोळ्या वाहतो, ढलप्या वेचतो. मेअखेरीला मागच्या पडवीत थप्पी लागली की मामंजी समाधानाने तिच्याकडे बघत बसायचे. दिसायचीही देखणी! भिंतीला चिकटून, जमिनीपासून थेट वाशांपर्यंत, एक लाकूड पुढे आलेलं नाही.

त्या थप्पीतच जाऊबाईंना फुरसं चावलं.

श्रावणातली तिन्हीसांज होती. वर हात पोचत नाही म्हणून त्या नेहमी खालच्या थरातलंच लाकूड ओढायच्या. बोटाला काटा टोचल्यासारखं झालं म्हणून बॅटरी मारली, तर फटीत तपकिरी अंगावर पांढुरकी नक्षी असलेलं ते वीतभर जनावर, वेटोळ्यावर वेटोळं घासत बसलेलं. अंगाचे खवले घासून फुरसं खर्र खर्र आवाज करतं, पण पागोळ्यांच्या आवाजात तो ऐकू येणार कसा? शेजारून सल्ला आला, “एवढंसं तर आहे, मांत्रिकाकडे न्या.” भाऊजींनी तो मानला नाही. त्यांनी १०८ ला फोन लावला. मी जाऊबाईंच्या बांगड्या आणि अंगठी उतरवली, हात फळीला सैलसर बांधला आणि त्यांना हलू दिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि २० मिनिटं न हलवता ठेवलं. ते गोठलं नाही. मग लगेच प्रतिविष सुरू झालं. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं, आणि कधी कधी हे काही तासांनी दिसतं. म्हणून साप लहान आहे, सूज कमी आहे, असं म्हणत घरी बसू नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, तेव्हा साप मारून दाखवायला नेण्यात वेळ घालवू नका. चिरा देणं, चोखणं, दोरीने करकचून आवळणं, यातलं काहीही करू नका. जाऊबाई बऱ्या झाल्या, पण ते बोट अजून पुरतं वळत नाही.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे. लाकडं फोडतात आणि रचतात पुरुष, भर पावसात ती काढते घरातली बाई, आणि रचताना तिला कोणी विचारत नाही. आता आमच्याकडे रचताना जाऊबाई समोर उभ्या असतात. त्यांच्या छातीच्या वर एकही लाकूड जात नाही. खाली जांभ्याचे चिरे, त्यांवर आडव्या सुपारीच्या खोडांच्या बल्ल्या, म्हणजे तळाशी वीतभर मोकळी जागा राहते आणि बॅटरीचा उजेड आरपार जातो. भिंतीपासून हातभर अंतर. पेंढा आणि भाताची कणगी तिथून लांब, कारण उंदीर आले की त्यांच्यामागे सापही येतात. जाडी लाकडं तळाला, बारीक वर, आणि काढायचं ते वरूनच, आधी काठी आपटून. संध्याकाळी थप्पीला हातच लावायचा नाही. दुसऱ्या दिवसाचं सरपण दुपारच्या उजेडात चुलीजवळ आणून ठेवायचं.

फोडण्याबद्दलही थोडं सांगते. उन्हात दांडा सुकून आकसतो आणि कुऱ्हाडीचं पातं सैल होतं. ते उडालं तर समोरच्याचा जीवच जायचा. रोज सकाळी दांडा हलवून बघा, ढिला असेल तर पाचर ठोका. ओंडका दुसऱ्या जाड ओंडक्यावर उभा करा आणि त्याच्या तोंडावर जिथे आधीच भेग दिसते तिथेच घाव घाला. गाठीच्या लाकडाशी झुंजू नका, त्याला लोखंडी पाचर आणि घण. मुलांना कामात जरूर घ्या, पण कुऱ्हाड खाली ठेवल्यावरच ढलप्या वेचायला जवळ येऊ द्या. रानातून आणताना बिब्ब्याचं लाकूड वेगळं काढा. त्याच्या चिकाने अंगावर फोड उठतात आणि धूरही बाधतो. कण्हेर विषारी, ती चुलीत नकोच.

यंदा थप्पी लावाल तेव्हा पहिला थर घालण्याआधी घरात जी सरपण काढते तिला बोलवा, तिचा हात कुठवर पोचतो ते बघा, आणि तिथेच थांबा.