गिरणी थांबली, पण डब्यात पीठ आहे

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येत. पाटीवर अक्षर काढताना त्यांचा हात थरथरे. आम्हांला वाटले, नवा हात आहे, सवयीने बसेल. पण तसे नव्हते. भाकरी रोजच्यापेक्षा जास्त जाई, तरी अंग वाळत चालले होते. छाती धडधडे, घाम सुटे, झोप लागत नसे. कोणी म्हणे, नजर लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सांगितले, "थायरॉइड जास्त काम करते आहे."

थायरॉइड म्हणजे काय? गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. अन्नातले आयोडीन घेऊन ती एक रस तयार करते. शरीराने किती वेगाने काम करावे, हे त्या रसावर ठरते. चुलीत लाकडे जास्त सारली तर काय होते? जाळ वाढतो आणि सरपण भराभर संपते. रस जास्त झाला की शरीराचे तसेच होते.

यावर कार्बिमाझोल नावाची गोळी देतात. ती ग्रंथीला नवा रस बनवू देत नाही. या जातीच्या औषधाने रोग आटोक्यात येतो, हे अमेरिकेतील बोस्टनचे डॉक्टर ॲस्टवुड यांनी १९४३ साली दाखवून दिले.

बाईंनी दहा दिवस गोळ्या घेतल्या. "मास्तर, गुण नाही," म्हणाल्या आणि गोळ्या बंद केल्या. दुखणे वाढले. चूक कुठे झाली? गिरणी बंद पडली म्हणून घरातल्या डब्यातले पीठ त्याच दिवशी संपते का? नाही. ग्रंथीत आधीचा रस साठलेला असतो. तो संपायला काही आठवडे लागतात. तोवर धडधड कमी व्हावी म्हणून डॉक्टर दुसरी गोळीही देतात.

बरे वाटले म्हणूनही औषध सोडू नये. ते बहुधा १२ ते १८ महिने घ्यावे लागते. मधून मधून रक्त तपासून डॉक्टर गोळी कमीजास्त करतात. औषध थांबल्यावर पुष्कळांना रोग पुन्हा होतो. म्हणून पुढेही तपासणी हवी.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. क्वचित या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. मग साधा रोगही जिवावर बेततो. गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आले, तर पुढची गोळी घेऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. डोळे पिवळे झाले तरी तसेच करा. दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

बाईंनी औषध पुन्हा सुरू केले. दोन महिन्यांनी त्यांनी पाटीवर आपले नाव लिहिले. रेघ सरळ होती. आता औषधाची चिठ्ठी त्या स्वतः वाचतात.

प्रश्न
१. गोळीचा गुण यायला वेळ का लागतो?
२. गोळी चालू असताना ताप आला व घसा दुखला, तर काय कराल?