स्तुती ही साक्ष आहे

कयामतच्या दिवशी ज्या तिघांचा निवाडा सर्वप्रथम होईल, त्यांत एक योद्धा असेल. सहीह मुस्लिममधील हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची ही हदीस आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. रणांगणात प्राण दिलेला हा मनुष्य अल्लाहसमोर सांगेल की, मी तुझ्यासाठी लढलो. त्याला उत्तर मिळेल की, हे खोटे आहे. लोकांनी शूर म्हणावे यासाठी तू लढलास, आणि लोकांनी तसे म्हटलेही. त्यानंतर त्याला तोंडावर फरफटत नरकाग्नीत टाकले जाईल. एक विद्वान आणि एक दानशूर यांचीही तीच गत होईल.

या हदीसचे विवरण करताना नियतवर भर दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी कोणी तरी उपस्थित आहेत, ज्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. ते म्हणजे त्याला शूर म्हणणारे लोक. त्याच्या अंतःकरणात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, तो कशासाठी लढला याची त्यांनी चौकशी केली नव्हती, आणि तरीही त्यांनी निर्णय देऊन टाकला. प्रस्तुत लेख त्या लोकांविषयी, म्हणजे आपल्याविषयी आहे.

युद्धाचे वातावरण तयार झाले की आपल्या उपनगरांतील चौकांचे रूप पालटते. अंधेरी असो, घाटकोपर असो की मुलुंड, स्थानकाबाहेर फलक लागतात. त्यांवर सैनिकाचे चित्र लहान आणि फलक लावणाऱ्याचे छायाचित्र मोठे असते. शाळांच्या संमेलनांत मुले गणवेश घालून लुटुपुटूच्या लढाया करतात. या गदारोळात एखाद्याने विचारले की हे युद्ध न्याय्य आहे काय, तर त्याला उत्तर मिळते की हा सैनिकांचा अपमान आहे. युद्धाविषयीचा प्रश्न आणि सैनिकाचा सन्मान यांची अशी गाठ मारली जाते की पहिला उच्चारताच दुसरा भंगतो. ही गाठ इस्लामच्या शिकवणीत बसते काय, हे पाहू.

स्तुतीच्या बाबतीत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण फार सावध आहे. त्यांच्यासमोर एका मनुष्याने दुसऱ्याची तोंडभर प्रशंसा केली, तेव्हा तू आपल्या मित्राची मान कापलीस असे ते म्हणाले; आणि प्रशंसा करायचीच असेल तर माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे, त्याचा खरा हिशेब अल्लाहकडे आहे, एवढेच म्हणावे असे शिकवले (बुखारी व मुस्लिम). खैबरच्या मोहिमेत सहाबा एकेका मृताचे नाव घेऊन तो शहीद झाला असे म्हणत होते. एका नावापाशी प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना थांबवले. त्याने युद्धातील मालातून एक वस्त्र लपवले होते, आणि त्यापायी तो अग्नीत असल्याचे त्यांनी सांगितले (मुस्लिम). प्रेषितांच्या (सल्ल.) झेंड्याखाली मरण आलेल्या मनुष्याविषयीही लोकांची घाईची साक्ष मान्य झाली नाही, तर इतर झेंड्यांविषयी काय बोलावे! कारण स्तुती ही एक साक्षच असते, आणि साक्षीविषयी सूरह निसाच्या 135 व्या आयतीची आज्ञा स्पष्ट आहे: ती न्यायाने द्यायची, मग ती स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध का जाईना.

हे सर्व केवळ तत्त्वापुरते राहू नये म्हणून आपल्याच प्रांतातील एक युद्ध पाहू. 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबरात पुणे येथील सहावी डिव्हिजन बसऱ्याकडे, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरवण्यात आली. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत त्या काळी दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत, ही गोष्ट आपल्या घरांतून जवळजवळ विसरली गेली आहे. समोर उस्मानी सुलतानाचे सैन्य होते. त्यालाच हिंदुस्थानचे बहुसंख्य मुसलमान खलीफा मानीत, आणि त्याच महिन्यात त्याच्या वतीने जिहादची घोषणा झाली होती. इंग्रज सरकारने पवित्र स्थळांना धक्का लावणार नाही असे जाहीर केले, तरी मने शांत झाली नाहीत. पुढे मार्च 1919 मध्ये मुंबईतच खिलाफत समिती स्थापन झाली, त्यामागे हीच अस्वस्थता होती. ज्यांना खिलाफतीशी कर्तव्य नव्हते, त्यांचा प्रश्न वेगळा होता: ज्या साम्राज्याने आम्हाला स्वराज्य नाकारले, त्याच्यासाठी आमच्या मुलांनी का मरावे?

शिपाई मात्र दरमहा 11 रुपयांच्या पगारावर भरती होत होता. सातारा आणि रत्नागिरीकडच्या कोरडवाहू घरांत ती रक्कम लहान नव्हती. त्याच्यावर खलीफाद्रोहाचा शिक्का मारणे सोपे आहे. मला ते न्यायाचे वाटत नाही. पोटासाठी गेलेल्या माणसाचा हिशेब आणि त्याला पाठवणाऱ्यांचा हिशेब एक नव्हे.

नोव्हेंबर 1915 मध्ये ही डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफॉनपाशी पोहोचली. त्या ठिकाणाचे आपल्या परिचयाचे नाव सलमान पाक, हजरत सलमान फारसी (रजि.) यांची कबर तेथे आहे. तेथे लढताना मुस्लिम शिपायांच्या मनात काय चालले असेल याची कल्पनाच करावी. लढाईत साडेचार हजारांहून अधिक सैनिक मेले वा जखमी झाले. जखमींना बोटींत कोंबून तैग्रिस नदीतून बसऱ्याकडे धाडण्यात आले. अंथरूण नाही, मलमपट्टी बदललेली नाही, माणसे आपल्याच घाणीत दिवसचे दिवस पडलेली. सरकारी तार मात्र गेली की जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली आहे. बसऱ्यास थांबलेल्या 'वरेला' या रुग्णनौकेवरील मेजर कार्टर या डॉक्टराने अशी एक बोट जवळ येताना पाहिली आणि जे दिसले ते वरिष्ठांना कळवले. त्यावर त्याला तोंड बंद ठेव, नाही तर नौकेवरून काढू, अशी धमकी मिळाली. तो गप्प बसला नाही. 1917 साली मेसोपोटेमिया चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात त्याची साक्ष आली, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

आता प्रश्न असा की, त्या दोन वर्षांत शिपायाचा खरा हितचिंतक कोण होता? शौर्याची वर्णने छापणारे, की घाण दिसली ती सांगणारा? गौरवाच्या शब्दांनी त्या बोटी झाकल्या जात होत्या.

इकडे मुंबईत 10 जून 1918 रोजी टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली. भरती वाढवणे हा तिचा हेतू होता. लोकमान्य टिळक बोलायला उठले. युद्धास सहकार्य करण्यास ते तयार होते, परंतु त्यासोबत हिंदी लोकांच्या हक्कांचा प्रश्न त्यांना मांडायचा होता. राजकीय चर्चा येथे चालणार नाही म्हणून त्यांना अडवण्यात आले, आणि ते व न. चिं. केळकर सभागृहातून निघून गेले. शिपायांचे रक्त मागायचे, पण कशासाठी हे विचारू द्यायचे नाही, ही रीत तेव्हाही होती.

त्या रक्ताची नोंद कशी झाली तेही पाहावे. 1929 मध्ये बसऱ्यास स्मारक उभे राहिले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा 40 हजारांहून अधिक मृतांसाठी ते आहे. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. परंतु 33 हजारांहून अधिक साध्या हिंदी शिपायांची नावे दगडावर आली नाहीत, पलटणीपुढे केवळ आकडा आला. यासारख्या भेदभावाबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021 साली माफी मागितली, जेव्हा त्या शिपायांची मुलेसुद्धा हयात असणे कठीण होते.

येथे आपल्या बाजूचीही एक साक्ष देणे भाग आहे, नाही तर सूरह निसाची आयत आपण दुसऱ्यांपुरतीच वाचली असे होईल. डिसेंबर 1915 पासून कूत येथे वेढलेले सैन्य 29 एप्रिल 1916 रोजी शरण आले. सुमारे 13 हजार माणसे बंदी झाली. त्यांना उन्हातून, वाळवंटातून पायी हाकण्यात आले, आणि तहान, रोग व पहारेकऱ्यांचे चाबूक यांनी हजारो मेले. हे करणारे कलमा पढणारे होते. कैद्याला स्वतः उपाशी राहून जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा सूरह दहरमध्ये आहे; ती वाचणाऱ्यांनी तुर्की सैन्याच्या गौरवगाथा लिहिताना हे पान गाळले तर तीही खोटी साक्षच.

आपल्या माणसाची चूक उघड सांगण्याचा आदर्श आपल्यापाशी आहे. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या तुकडीकडून बनू जजीमा या टोळीच्या लोकांची अनुचित हत्या झाली. त्या लोकांनी धर्म स्वीकारल्याचे आपल्या शब्दांत सांगितले होते, तरी ती ऐकली गेली नाही. तुकडीतील हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी आपल्या ताब्यातील कैद्याला मारण्यास नकार दिला. वृत्त मदीनेच्या नेत्यापर्यंत पोहोचले तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) हात उंचावून, खालिदच्या या कृत्याशी आपला संबंध नाही असे अल्लाहसमोर दोनदा म्हटले (बुखारी). सीरतच्या ग्रंथांत पुढे आहे की हजरत अली (रजि.) यांना पाठवून प्रत्येक मृताची दियत देण्यात आली. हजरत खालिद (रजि.) यांचे सेनापतिपद गेले नाही, त्यांची योग्यता नाकारली गेली नाही, पण त्यांच्या कीर्तीखाली ते प्रेतही झाकले गेले नाही. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना पदावरून दूर केले, तेव्हा विजय अल्लाहकडून येतो हे विसरून लोक एका माणसाच्या भजनी लागू नयेत, हे कारण इतिहासग्रंथांनी नमूद केले आहे.

आज्ञापालनाची मर्यादाही अशीच घालून दिलेली आहे. एका अन्सारी सरदाराने रागाच्या भरात आपल्या तुकडीला पेटत्या आगीत शिरण्याचा हुकूम दिला. ते थबकले. प्रेषितांना (सल्ल.) हे कळले तेव्हा ते म्हणाले की, शिरले असते तर त्यातून कधीच बाहेर पडले नसते, आज्ञापालन केवळ चांगल्या गोष्टीत असते (बुखारी व मुस्लिम). थबकलेल्या त्या शिपायांची नावे कोणत्याही फलकावर येण्याजोगी नाहीत!

काही घरांतून वडीलधारे सांगतात की, आपण अशा विषयांवर बोलू नये, आपल्या बोलण्याचा वेगळा अर्थ काढला जातो. ही भीती निराधार नाही आणि तिची थट्टा करू नये. चारचौघांत केव्हा, किती आणि कोणत्या शब्दांत बोलावे हा हिकमतीचा भाग आहे. परंतु भीतीपोटी खोटी साक्ष देणे ही निराळी बाब झाली. घरात मुलाने विचारले की सगळे सैनिक चांगलेच असतात ना, तर त्याला सांगता येते की, त्यांच्यात चांगली माणसे असतात, त्यांचे कष्ट मोठे असतात, आणि प्रत्येकाचा न्याय अल्लाह त्याच्या कर्मांवर करणार आहे, जसा आपलाही. उलट टोकाला जाऊन शिपायाची हेटाळणी करणे, त्याच्या मृत्यूवर कुत्सित बोलणे, हेही सूरह हुजुरातने निषिद्ध केलेल्या उपहासातच मोडते. आणि मशिदीच्या पायरीवर असो की मोबाइलच्या पडद्यावर, पुढे पाठवलेला प्रत्येक संदेश आपल्याच नावे लिहिला जातो.

स्तुती आखडती घ्यायची तर मग शिपायाच्या घराला आपण काय द्यावे, असे कोणी विचारील. मूताच्या लढाईत हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) मारले गेले. प्रेषित (सल्ल.) त्यांच्या घरी गेले, मुलांना जवळ घेतले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग आपल्या घरच्यांना त्यांनी सांगितले की, जाफरच्या कुटुंबासाठी जेवण तयार करा, आज त्यांना स्वयंपाकाचे भान राहणार नाही.