फी भरण्याआधी मैदान बघ

चि. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

दाजींनी पाठवलेलं माहितीपत्रक दोनदा वाचलं. गुळगुळीत कागद, हेल्मेट घातलेली हसरी मुलं, मागं लालभडक गाडी आणि खाली ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नोकरीची हमी'. फी किती, ते मात्र फोन केल्यावर सांगणार म्हणे. अग्निशमन दलातच जायचं हे तुझं ठरलंय, याचा मला आनंद आहे. आक्काला काय वाटतंय ते मला ठाऊक आहे, तिचं मी बघतो. पण 'मामा, कुठल्या कॉलेजात जाऊ' या तुझ्या प्रश्नाला मी कॉलेजाचं नाव सांगून उत्तर देणार नाही. कॉलेज कसं बघायचं ते सांगतो. बघून ये तुझी तू.

आधी कागदपत्रांचं उरकून घेऊ. 'फायर अँड सेफ्टी' या एकाच पाटीखाली दोन निराळ्या वाटा विकल्या जातात. एक कारखान्यात सुरक्षा अधिकारी होण्याची. ती चांगली वाट आहे, पण तिला मान्यताप्राप्त पदविका लागते, आणि त्यासाठी मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेसारख्या जुन्या जागा आहेत. दुसरी वाट बंबावर बसण्याची. नगरपालिका-महापालिकांच्या फायरमन भरतीच्या जाहिराती काढून बघ. बहुतेकींत राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम मागितलेला दिसेल. हे केंद्र सांताक्रूझला, कलिन्याच्या विद्यानगरीत आहे. सोबत एमएस-सीआयटी असतंच, ते आपल्याकडं कशालाही लागतं. अधिकारी व्हायचं असेल तर नागपूर. तिथलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय केंद्रीय गृहमंत्रालयाचं. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. उपअधिकारी, स्थानक अधिकारी, विभागीय अधिकारी असे तिथले टप्पे, शिवाय अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी. तुझं बारावी सायन्स झालंय, तेव्हा पदवीचा विचार जरूर कर. उंची, वजन, वय यांच्या अटी पदागणिक आणि पालिकेगणिक बदलतात, बायकांसाठी वेगळ्या असतात. त्या कुणाच्या तोंडून ऐकू नकोस, मूळ जाहिरातीत वाच. आणि खासगी कॉलेजाचं प्रमाणपत्र घेणार असशील, तर आधी त्या जाहिरातीतल्या शब्दांशी ते शब्दाला शब्द जुळतं का बघ. 'समकक्ष आहे, चालतंय' असं सांगणारा तिथला क्लार्क उद्या भरतीच्या टेबलावर तुझ्या शेजारी उभा राहणार नाही.

आता मैदान. सकाळी सहाला जा. साडेदहाला गेलीस तर ऑफिस दाखवतील, एसी दाखवतील, चहा देतील. सहाला मैदानात कोण आहे, काय चाललंय ते बघ. होज कुठं आहेत ते शोध. कपाटात नवेकोरे, घड्या घालून ठेवले असतील तर परत फिर. जिथं रोज ड्रिल होतं तिथले होज ओले असतात, उंचावर वाळत टांगलेले असतात, त्यांना ठिगळं असतात आणि कपलिंगच्या कडा झिजलेल्या असतात. त्रेसष्ट मिलिमीटरचा भरलेला होज चार पोरं मिळून ओढतायत आणि होजच्या टोकाची ब्रँच धरलेल्याचे पाय जमिनीत रुतलेत, असं दिसलं तर थांब आणि पोटभर बघ. पाणी सोडल्यावर ब्रँच मागं ढकलते. तो धक्का पुस्तकात कळत नाही.

ड्रिल टॉवर आहे का बघ. असेल तर शिडीच्या पायऱ्या वापरून गुळगुळीत झाल्यात की नुसता रंगाचा वास येतोय, तेही बघ. मग श्वसनयंत्राच्या, बीए सेटच्या पेट्या उघडायला सांग. पोरं किती आणि चालू सेट किती, हे विचारायला लाजू नकोस. सिलिंडरवर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती वाच. शिकवणाऱ्यांना विचार, 'सर, तुम्ही कुठल्या स्टेशनला होता?' ज्याने आगीच्या वर्द्या केल्यात तो माणूस त्यावर अर्धा तास बोलतो, थांबवावं लागतं त्याला. आणि शेवटी एखाद्या शिकणाऱ्या पोराच्या हातात दोर देऊन म्हण, 'डोळे मिटून बोलाइनची गाठ बांध.' तीन महिने झालेल्या पोराला ते जमत नसेल, तर त्या कॉलेजाचं बाकी काही ऐकायची गरज नाही.

म्हातारा खडूस झालाय असं वाटेल तुला. पण आगीत माणूस डोक्यानं कमी आणि सवयीनं जास्त वागतो. धुरात काही दिसत नाही, सिनेमात दिसतं तसं तर मुळीच नाही. स्वतःचा हात नाकाशी धरलास तरी दिसत नाही. दार उघडण्याआधी हाताची उलटी बाजू लावून बघणं, वाकून किंवा रांगत जाणं, एक हात भिंतीवरून न उचलता खोली फिरणं, होज चाचपत त्याच मार्गानं बाहेर येणं, जोडीदाराला कधीही न सोडणं, हे सगळं तेव्हा आठवून करायचं नसतं. ते अंगात असावं लागतं. म्हणून तेच ते ड्रिल. पहिल्या महिन्यात तुला त्याचा वीट येईल, आणि तो येऊ दे.

बीए सेटमधल्या हवेचा हिशोब मात्र डोक्यानंच करायचा. सहा लिटरचा सिलिंडर तीनशे बारपर्यंत भरला की त्यात अठराशे लिटर हवा मावते. कष्टाच्या कामात माणूस मिनिटाला चाळीस लिटर तरी ओढतो. सुमारे पंचावन्न बारला सेटची शिट्टी वाजते, म्हणजे तोवरची हवा १,४७० लिटर. चाळीसनं भागलं तर छत्तीस-सदतीस मिनिटं. घाबरलीस, धापा टाकायला लागलीस आणि साठ लिटर ओढायला लागलीस तर चोवीस मिनिटं. सिलिंडर तोच, बारा मिनिटं गेली भीतीत. आणि ही मिनिटं आत राहायची नाहीत, जाऊन यायची आहेत. शिट्टी वाजल्यावर निघणारा उशिरा निघालेला असतो. शिट्टीच्या आधी दाराबाहेर असायला हवं. बाहेर एन्ट्री कंट्रोलला जो माणूस आत जाणाऱ्यांच्या नावांच्या टॅली लावून वेळ लिहीत बसतो, त्याचं काम पोरांना कमी प्रतीचं वाटतं. तू ते मागून घे. कोण आत गेलं, किती दाबावर गेलं, कधी बाहेर यायला हवं, हे ज्याला कळलं त्याला अर्धं अग्निशमन कळलं.

पाण्याचंही तसंच. पाणी म्हणजे नुसतं ओतायचं असं लोकांना वाटतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा घेते. बंद खोलीत ती वाफच आग दाबते, आणि तीच वाफ चुकीच्या वेळी पाणी मारणाऱ्याला भाजून काढते. कुठं, किती आणि कुठल्या कोनात, हे शिकवणारा मास्तर हवा. तेलाच्या कढईवर पाणी नको, चालू विजेवर नको, हे तर तुला घरातही माहीत आहे. घरच्या सिलिंडरातला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, मोरीत उतरतो. तेव्हा गळती असलेल्या घरात शिरताना बटणाला हात लावायचा नाही, ना चालू करायला, ना बंद करायला.

इचलकरंजीत आम्ही सगळी नोकरी कापसाच्या आणि सुताच्या आगींत काढली. कापसाची गाठ वरून विझते आणि आत धुमसत राहते. पाण्याचा जोर कितीही लाव, घट्ट दाबलेल्या गाठीत पाणी शिरत नाही. गाठी ओढून बाहेर काढायच्या, फोडायच्या, पसरायच्या, भिजवायच्या, आणि मग रात्रभर पहारा. वर्तमानपत्रात 'आग आटोक्यात' छापून येतं तेव्हा आमची पोरं अजून गाठी ओढत असतात. या कंटाळवाण्या कामाची तयारी ठेव, शौर्याचा भाग थोडा आणि हा भाग मोठा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं, ते तुला अग्निशमन सेवा दिनाला शिकवतीलच. त्या जहाजावरही कापसाच्या गाठी होत्या आणि सोबत सुमारे चौदाशे टन स्फोटकं. दुपारपासून आग धुमसत होती, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. दलाचे ६६ जण गेले. अग्निशमन सप्ताहात हार घालताना लोक नावं वाचतात. तू कॉलेजात असताना ती दुपार मिनिटामिनिटानं वाच. माल एकाजवळ एक कसा रचला होता, धूर दिसल्यापासून निर्णय कुणी घ्यायचा होता, किती वेळ गेला, हे शोध.

काळबादेवीचंही तसंच वाच. ९ मे २०१५ ला गोकुळ निवासच्या आगीत इमारतीचा भाग कोसळला आणि मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. जुन्या इमारतीत मजले लाकडी तुळयांवर असतात. तुळई जळाली की विटांना धरून ठेवायला काही उरत नाही. इमारत कशी बांधतात हे ज्या अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत, तो अपुरा आहे. इमारत कशी पडते, हे त्याशिवाय कळत नाही.

आणि सगळ्यांत कमी नावाजलेला विषय, आग लागूच न देण्याचा. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे. इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला फॉर्म 'बी' म्हणतात, ते परवानाधारक संस्थेकडून घेऊन जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. पोरं या तासाला झोपतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू विभागाला आग लागली, दहा बाळं गेली. तिथं बंब पोचेपर्यंत काय उरतं? हा विषय तू जागी राहून शिक. नोकऱ्याही यात वाढतायत, हे दाजींना सांग, त्यांना ते आवडेल.

पुराचं प्रशिक्षण कुठं देतात तेही विचार. तुमच्या जतला पाण्याचं कौतुक टँकरपुरतंच, पण इकडं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या रेषेवर गेली की शिरोळ तालुक्यातली गावं बघता बघता बेट होतात. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर होती. अग्निशमन दलाचा माणूस आता आगीपेक्षा जास्त वेळा अपघात, पूर, झाडपडी, विहिरीत पडलेली गाय असल्या वर्दीला जातो. बोट चालवणं, लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावणं, बोटीत माणसं मोजून घेणं हे शिक. २०१९ च्या त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून किती घरं उजाड झाली, ते तुमच्या सांगली जिल्ह्यातच घडलंय. 'आपदा मित्र'सारखं बारा दिवसांचं सरकारी प्रशिक्षण तुमच्या जिल्ह्यात निघालं तर कॉलेजच्या आधीच करून टाक.

प्रथमोपचारही पुतळ्यावर हात लावूनच शिकायचा. सीपीआर देताना छातीच्या मध्यावर, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, तीस दाबांमागं दोन श्वास. दोन मिनिटं सलग करून बघ, घामानं चिंब होशील. म्हणून मास्तर एकाच पोराला पुढं करून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावत असेल, तर तू उठून पुतळा माग.

मुलगी म्हणून काय, असं आक्का विचारणारच. नागपूरच्या त्या महाविद्यालयात २००२ साली हर्षिनी कान्हेकर ही पहिली मुलगी शिरली, नागपूरचीच. पुढं ओएनजीसीत तिनं काम केलं. आता मुंबईच्या दलातही मुली आहेत. बीए सेट पाठीवर घेऊन जिने चढायला तुझी मांडी आणि पाठ तयार हवी, बाकी सेटला पाठ कुणाची आहे ते कळत नाही. आजपासून रोज धाव. दोर चढायचा सराव कर, तुमच्या शाळेच्या मैदानात तो टांगलेला मी पाहिलाय. पोहायला येत नसेल तर मे महिन्यात इकडं ये, शिकवायची व्यवस्था करतो. कॉलेजात राहायची सोय बघताना मुलींची खोली, न्हाणीघर आणि ड्रिलचे बूट मुलींच्या मापाचे आहेत का, तेही विचारून घे. मोठ्या मापाचा बूट शिडीवर फार धोक्याचा.

माहितीपत्रकावरच्या त्या नंबरवर दाजींनी अजून पैसे भरलेले नाहीत ना? भरले असतील तर पावती जपून ठेवा आणि पुढचा हप्ता थांबवा. येत्या रविवारी तू आणि दाजी सहाच्या आधी त्या मैदानावर पोचा. सेट किती, होज ओले की कोरे आणि बोलाइन बांधता आली का, एवढं तिथूनच मला फोन करून सांग. मी उठलेला असतो.

तुझा,
मामा