घरच्या घरी होडीचा गाडा



उसाची गाडी भरताना मोळ्या कुठे किती टाकायच्या हे आपल्या गाडीवानाला शिकवावे लागत नाही. पुढे जास्त भरली तर गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. मागे जास्त भरली तर उलाळ होऊन जू वर उचलते. हाच हिशोब वापरून नदीकाठच्या सभासदांना एक उपयोगी वस्तू करता येईल. ती म्हणजे होडी नेण्याचा हातगाडा.

आपल्या रावेर तालुक्यात ऐनपूर, निंबोल वगैरे तापीकाठच्या गावांजवळ हतनूर धरणाचे फुगवट्याचे पाणी येते. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत अडकलेले शेवाळ काढायचे किंवा पाइप पुढे सरकवायचा म्हणजे लहान होडी लागते. ती चार माणसांनी फरफटत न्यायची. माणसे मिळाली नाहीत तर पाण्याची पाळी चुकते आणि ऐन वैशाखात ऊस वाळतो. शिवाय फरफटून होडीचा तळ झिजतो. झिजलेला तळ भर पाण्यात गळू लागला, तर प्रश्न उसाचा राहत नाही, जिवाचा होतो.

कोकण किनाऱ्यावर होड्या लाकडी ओंडक्यांवरून ओढतात. आपल्या गाळात ओंडका रुतून बसतो. इथे चाकच पाहिजे.

सामान : फटफटीची दोन जुनी चाके, मजबूत लोखंडी आस, दांडीसाठी पाइप, दोन जाड फळ्या, जुन्या टायरच्या पट्ट्या आणि दोर. आस व दांडीचे वेल्डिंग माहितगार कारागिराकडूनच करून घ्यावे. चाक जितके मोठे तितके ते खड्ड्यातून सहज निघते. टायर जितका रुंद तितका गाळात कमी रुततो. दोन चाकांतले अंतर होडीच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त ठेवावे, म्हणजे होडी चाकांच्या मध्ये खाली बसते व गाडा कलंडत नाही.

तोल काढणे : सगळ्यात महत्त्वाचे काम हेच. होडीतले पाणी उपसून काढा. वल्ही, दोर नेहमीच्या जागी ठेवा. सपाट जमिनीवर एका गोल बल्लीवर होडी आडवी टेकवून मागेपुढे सरकवा. दोन्ही टोके अधांतरी राहतील तिथे खडूने खूण करा. आस बरोबर या खुणेखाली नको, खुणेच्या चार इंच मागे यावी.

का, ते पाहा. समजा होडी ९० किलोची आहे आणि हाताची मूठ आसेपासून ६ फुटांवर, म्हणजे ७२ इंचांवर आहे. ९० गुणिले ४, भागिले ७२, म्हणजे मुठीवर ५ किलो भार येतो. तो सहज पेलतो. आस १ फूट मागे गेली तर हाच भार १५ किलो होईल आणि शंभर पावलांत हात भरून येतील. उलट आस खुणेच्या पुढे गेली तर गाडा उलाळ होऊन दांडी तोंडावर येईल.

बैठक : दोन फळ्या तीनेक फुटांच्या अंतराने, एक आसेच्या पुढे व एक मागे बसवा. तळाच्या आकाराप्रमाणे त्या कोरून वर टायरच्या पट्ट्या ठोका. खिळ्यांची डोकी पट्टीत पूर्ण बुडाली पाहिजेत, नाहीतर तळ खरवडला जाईल. होडी दोन्ही फळ्यांशी दोराने आवळून बांधा.

वापरताना : १० फुटांत १ फूट चढ असेल आणि गाड्यासह वजन १२० किलो असेल, तर नुसत्या चढासाठी १२ किलोची ओढ लागते, गाळाची ओढ वेगळी. तेव्हा चढावर दोघे पाहिजेत. होडीत २० लिटर पाणी राहिले तर २० किलो वजन वाढते, आणि चढावर ते सगळे मागे धावून गाडा उलाळ करते. म्हणून आधी पाणी उपसा, मग चढा.

उतारावर गाड्याच्या पुढे कोणीही उभे राहू नये. दांडी वरच्या बाजूला ठेवून, मागचे टोक पुढे करून सावकाश पाण्यात सोडा. बांधलेले दोर सोडण्यापूर्वी होडीचा पुढचा दोर हातात धरा. चाकाचा तुंबा पाण्यात बुडाला तर धुऊन, पुसून वंगण भरावे. हा गाडा हाताने ओढण्यासाठीच आहे. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलमागे बांधू नये.

हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या उघडझापीप्रमाणे पाणी कमीजास्त होते, काठावर सोडलेली होडी वाहून जाऊ शकते. सबब मृगापूर्वीच ती गाड्यावर घालून गावात आणावी व पालथी ठेवावी. होडीत एकट्याने जाऊ नये, तरंगणारे जाकीट घालावे आणि पुराच्या पाण्यात होडी घालूच नये.

एका गावात दोन-चार सभासदांनी मिळून एक गाडा केला तरी पुरतो. प्रत्येकाच्या होडीची खूण मात्र वेगळी निघेल, ती ज्याची त्याने काढावी. खूण काढताना अडचण आल्यास गटाच्या शेतकी मदतनीसास बोलवावे.

— ऊस विकास अधिकारी